मोटरहोम घेऊन आय-७४ महामार्गावरून

सांगलीच्या वालचंद कॉलेजातून मेकॅनिकल करून अमेरिकेत आलेली आमची टोळी इंजिनं आणि ट्रॅक्टर बनतात तिथेच रुजली. एक इंडियानातल्या कोलंबसला कमिन्समध्ये, दुसरा पिओरियाला कॅटरपिलरमध्ये, तिसरा मोलीनला जॉन डिअरमध्ये. आपापसात त्यांची नावं गळून पडून कमिन्सवाला, कॅटवाला, डिअरवाला एवढंच उरलंय. सॉफ्टवेअरच्या नादाने न्यू जर्सीला पळालेला मी एकटा. आता सगळे निवृत्त, आणि फोनवर दरवेळी तेच: "अरे, यायलास कधी?"

हॉटेलात उतरलो तर मित्र चिडतात. घरी उतरावं तर पाहुण्यांची खोली हमखास वरच्या मजल्यावर, आणि बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यात कॅटवाल्याकडे त्याची नव्वदीतली आई. त्या घरावर आणखी दोघांचा भार कशाला? म्हणून ठरवलं, शिकागोपर्यंत विमानाने जायचं आणि तिथून भाड्याचं मोटरहोम घ्यायचं. स्वतःचं अंथरूण, स्वतःचा संडास, स्वतःचा चहा.

आम्ही 'क्लास सी' घेतलं. म्हणजे पुढे व्हॅनचं तोंड, मागे घर आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर एक माळा. पंचवीस फुटी गाडी, साध्या लायसन्सवर चालते. भाड्याचा आकडा बघून हुरळून जाऊ नका. रोजच्या ठरावीक मैलांपुढे दर मैलाला पैसे, जनरेटर चालवला तर तासाला पैसे, आणि पेट्रोल गॅलनला जेमतेम आठ-दहा मैल. गाडी ताब्यात घेताना मालकाला प्रत्येक नळ, प्रत्येक बटण चालवून दाखवायला लावलं आणि बायकोने सगळ्याचा व्हिडिओ काढला. पुढे तो व्हिडिओच आमचं मॅन्युअल झाला. गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवली, कारण पुलाची पाटी दिसल्यावर आठवायला वेळ नसतो.

खरी अडचण रस्त्यावर नव्हतीच, ती मित्रांच्या दारात होती. कमिन्सवाल्याच्या सोसायटीत, म्हणजे एचओएत, ड्राइव्हवेवर मोटरहोम रात्रभर उभं करायला मनाई. त्याने अर्ज केला, समितीने नियमाचं कलम पाठवलं. तो वैतागला, मी नाही. जवळच ब्राउन काउंटी स्टेट पार्क आहे, तिथे वीज असलेली जागा आधीच आरक्षित केली. उत्तरेच्या गेटवर १८३८ सालचा लाकडी छताचा पूल आहे, फार देखणा, पण त्यातून मोटरहोम जात नाही. मोठ्या गाड्यांनी पश्चिमेच्या गेटनेच आत शिरायचं. जीपीएस आपल्याला मोटार समजतं आणि खुशाल पुलाकडे पाठवतं. जाण्याआधी पार्कचा नकाशा बघाच.

आणि मग जे झालं त्यावरून माझं मत पक्कं झालं: मित्राच्या घरी जाऊ नये, मित्राला कॅम्पग्राउंडवर बोलवावं. घरी असला की यजमान चहा-पोहे-जेवण या चक्रात अडकतो, टीव्ही चालू असतो, कोणाचा तरी फोन येतो. इथे कमिन्सवाला आणि वहिनी दुपारी आले ते रात्री अकराला उठले. लाकडं तिथलीच विकत घेतलेली बरी, बाहेरून आणू नयेत. ॲश झाडं पोखरणारा किडा लाकडातून पसरतो, म्हणून ही काळजी. शेकोटीभोवती बसून हॉस्टेलच्या मेसमधल्या आमटीपासून कोण कुठे गेला इथपर्यंत सगळं निघालं. दुसऱ्या दिवशी त्याने गाव दाखवलं. एलिएल सारिनेन या वास्तुविशारदाने बांधलेलं १९४२ सालचं चर्च बघून मी गप्प झालो. इंजिनांच्या गावात असलं काही असेल असं वाटलं नव्हतं.

स्वयंपाकाचं सांगतो. मोटरहोमच्या आत फोडणी करू नका. मोहरी तडतडली, मिरची पडली की स्मोक अलार्म बोंब मारतो. प्रत्येक जागेवर विजेचा खांब असतो, त्यावर मोटरहोमच्या ३० अँपिअरच्या सॉकेटशेजारी बहुधा २० अँपिअरचं साधं सॉकेटही मिळतं. त्यात इंडक्शन लावून बाकावरच पिठलं केलं. शेजारचं जोडपं वासाने विचारपूस करत आलं आणि ताटली घेऊन गेलं.

टाक्या रिकाम्या करणं हा ज्याचा लोकांना धसका असतो, तो दहा मिनिटांचा खेळ आहे. हातमोजे घाला. आधी संडासाची टाकी सोडा, मग आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे त्या साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा, तो या बाजूला आणायचासुद्धा नाही.

इंडियानापोलिसपासून आय-७४ धरला की शॅम्पेन, ब्लूमिंग्टन, पिओरिया, मोलीन अशी गावं एका दोऱ्यात ओवलेली. इलिनॉयची हद्द लागली की घड्याळ तासभर मागे. दोन्ही बाजूंना मका, सोयाबीन आणि पवनचक्क्या. पवनचक्क्या आहेत म्हणजे वारा आहे, हे ध्यानात ठेवायचं. उंच गाडीला तो आडवा ढकलतो, ट्रक शेजारून गेला की आधी बाहेर लोटतो, मग आत ओढतो. मी पासष्टच्या वर गेलोच नाही.

पिओरियात कॅटवाल्याची वस्ती जुनी, एचओए नाही. ड्राइव्हवेवर गाडी लावली आणि ॲडॉप्टरने गॅरेजच्या सॉकेटला जोडली. घरगुती १५ अँपिअरवर दिवे, पंखा, फ्रीज चालतात. एसी लावला की ब्रेकर पडतो. रात्री एकदा पडला, तेव्हा कॅटवाला लुंगीत टॉर्च घेऊन बाहेर आला आणि रागावून म्हणाला, "मेकॅनिकलवाल्यांना लोडचं गणित येत नाही म्हणतात ते खोटं नाही." त्याच्या आईला आम्ही गाडी दाखवली. पायरी चढून आत बसल्या, म्हणाल्या, "वारीला न्यायला बरी आहे रे."

मोलीनला डिअरचं मुख्यालय इरो सारिनेनचं, म्हणजे कोलंबसच्या चर्चवाल्याच्या मुलाचं, १९६४ सालचं, मुद्दाम गंजू दिलेल्या पोलादाचं. मुक्काम मात्र नदीपलीकडे आयोवात. तिथे संध्याकाळी आभाळ हिरवट झालं आणि फोनवर वादळाचा इशारा वाजला. रेडिओ-टीव्हीवरच्या इशाऱ्यात काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, नाव असतं. आपण कुठल्या काउंटीत आहोत हे पाहुण्याला ठाऊक नसतं! प्रत्येक मुक्कामी पोचल्यावर काउंटीचं नाव आणि आसऱ्याची जागा आधी विचारून घ्या. मोटरहोम हा आसरा नव्हे. आम्ही आंघोळीच्या पक्क्या इमारतीत तासभर बसलो, वादळ उत्तरेकडून निघून गेलं. डिअरवाला फोनवर सारखा ओरडत होता, "घरी तळघर आहे, तिकडे काय करायलास?"

आता तोच गाडीमालकाचा नंबर मागतोय. वहिनींची एकच अट आहे, टाक्या तो स्वतः रिकाम्या करणार असेल तरच.