मावशींचा आकडा

आज संध्याकाळी बेळगावच्या गणपत गल्लीत रताळी घ्यायला गेलतो. भुरभुर पाऊस, गिऱ्हाईक कमी, मावशींना खानापूरची बस गाठायची, म्हटलं आता भाव उतरणार, पण कुठलं काय. शेजारचा पटापट रेट तोडत होता आणि ह्या एका आकड्यावर ठाम. विचारलं तर म्हणाल्या, "घरातनं निघतानाच ठरवून येतो बघ बाळा. हितं बसून ठरवायला गेलं की दोन गिऱ्हाईकं मागं फिरली तरी जीव घाबरा होतोय. आणि त्याची कोथिंबीर हाय, आजच खपवायला पायजे, रताळं चार दिवस ऱ्हातंय."

गेला महिनाभर एक एजंट मला "आज टोकन द्या सर, उद्या रेट वाढणार" म्हणून प्लॉटसाठी मागं लागलाय आणि मी रोज त्याचं ऐकून कॅलक्युलेटर घेऊन बसतोय. (जमीन तर रताळ्यापेक्षा जास्त टिकते की!) घरी येऊन बायकोसोबत जास्तीत जास्त किती द्यायचे ते कागदावर लिहिलं, खाली तिनं स्वतः लिहिलं, एनए (बिगरशेती परवानगी) आणि ई-खाता (मालमत्तेची सरकारी ऑनलाइन नोंद) बघितल्याशिवाय टोकन नाही.

मगाशी एजंटाचा फोन आलता, दोन्ही सांगितलं. "मालकांना विचारून बघतो" म्हणाला. म्हणजे उद्या वाढणारा रेट अजून जागेवरच आहे म्हणायचा 😄