"मामा, इथलं ससून कुठंय?"

लहानपणी माझी पक्की समजूत होती की ससून म्हणजेच दवाखाना. पेपरात रोज छापून यायचं ना, "जखमींना ससूनमध्ये दाखल करण्यात आले"! एकदा कोल्हापूरला मामाकडे गुडघा फुटला, तेव्हा मी रडत रडत त्याला विचारलं होतं, "मामा, इथलं ससून कुठंय?" मामा अजूनही लग्नकार्यात हा किस्सा सांगतो.

गेल्या महिन्यात आईचे डोळे दाखवायला खरोखरच पुण्याच्या ससून हॉस्पिटलला गेले. ती आत, मी बाहेर, त्यामुळे जुनी दगडी इमारत पहिल्यांदाच निवांत बघितली. कमानी, वर मनोरा, कर्नल विल्किन्स या लष्करी इंजिनियरनं काढलेला इंग्लिश गॉथिक थाट. सुरुवातीला इथे १४४ रोग्यांची सोय होती. आता एवढे लोक तर केसपेपरच्या रांगेतच दिसतात.

पैसे दिले ते डेव्हिड ससून यांनी. बगदादचे ज्यू, तिथल्या जाचाला कंटाळून निघाले आणि १८३२ च्या सुमारास मुंबईत स्थिरावले. कापसाचा व्यापार केला आणि अफूचाही. चीनला गेलेल्या अफूचा पैसा पुण्यात औषधपाण्याला लागला, हे मला अजून नीट पचलेलं नाही. म्हणून दान खोटं ठरत नाही, पण पाटीवरचं नाव वाचताना तेवढं आठवतंच.

गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन इथलंच. येरवड्याच्या तुरुंगातून त्यांना आणलं, १२ जानेवारी १९२४ ची रात्र. संमतीच्या कागदावर सही करताना हात थरथरत होता. नेमस्त पुढारी श्रीनिवास शास्त्री तिथे हजर होते, त्यांनीच ते लिहून ठेवलंय. कर्नल मॅडॉक यांनी ऑपरेशन सुरू केलं आणि मध्येच दिवे गेले. उरलेलं काम कंदिलावर उरकलं. कैदी सरकारचा, सर्जन सरकारचा, काही बरंवाईट झालं असतं तर देशभर काय उसळलं असतं! मॅडॉकसाहेबांनाही त्या रात्री घाम फुटला असेल, असं आपलं मला वाटतं. ५ फेब्रुवारीला सरकारनं गांधीजींना सोडूनच दिलं.

ससून स्वतः १८६४ मध्ये पुण्यातच वारले. त्यांची कबर कॅम्पातल्या लाल देवळाच्या आवारात आहे. आपण देऊळ म्हणतो, दिसतं चर्चसारखं, आणि आहे ज्यूंचं सिनेगॉग! तेही त्यांनीच बांधायला घेतलेलं. हॉस्पिटल आणि सिनेगॉग दोन्ही पुरं झालं १८६७ मध्ये, म्हणजे त्यांना यातलं काहीच पाहायला मिळालं नाही.

परतताना रिक्षा मुद्दाम तिकडून घ्यायला लावली. फाटकाबाहेरून आईला विटांचा लाल मनोरा दाखवला, म्हटलं, "ज्यांच्या दवाखान्यातून आलो ना, ते इथे आहेत."

डोळ्यांत थेंब घातलेले, तिला सगळं धूसरच दिसत होतं. ती म्हणाली, "बरं. आता घरी चल, सकाळपासून पोटात काही नाही."