न्यू जर्सीच्या हंटरडन काउंटीतल्या दहा एकराच्या जंगलात धनुष्यबाणाने हरणाची शिकार: नोव्हेंबरचा वृत्तांत, आणि जाणार असाल तर काय बघायचं

एडिसनहून 287 हायवे धरायचा, मग 202 ने फ्लेमिंग्टनकडे. ट्रॅफिक नसेल तर तासाभरात आजूबाजूला शेतं, घोड्यांचे फार्म आणि त्यांच्या मधे उरलेले जंगलाचे छोटे छोटे तुकडे दिसायला लागतात. न्यू जर्सीत व्हाइटटेलची, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाची, शिकार म्हणजे बहुतेक वेळा असे तुकडेच, पाच एकर, आठ एकर, एखादं दहा एकराचं. आपल्या हिशोबाने दहा एकर म्हणजे चारशे गुंठे, ऐकायला खूप वाटतं, पण चौकोनी धरलं तर एक बाजू जेमतेम 220 यार्ड होते. म्हणजे अगदी मधोमध बसलात तरी हद्द 110 यार्डावर, आणि फुप्फुसात नीट बाण लागलेलं हरीणसुद्धा आरामात शंभर यार्ड पळतं. हे गणित आधी डोक्यात बसवा कारण छोट्या जागेवरची सगळी शिकार त्याच्याभोवतीच फिरते.

बरोबर दादा होता. ऑफिसातला सिनियर, इथे सगळे त्याला दादाच म्हणतात, आणि गेली कित्येक वर्षं तो याच भागात शिकार करतोय. जागा एका वयस्कर जोडप्याची, घराच्या मागे जंगल, उताराला ओढा. त्यांनी परवानगी का दिली तर हरणांनी जंगलाची खालची पातळी साफ केलीय, ओकचं एक रोप गुडघ्याच्या वर जात नाही, उरतं ते हरणं न खाणारं बार्बेरीचं झुडूप आणि स्टिल्टग्रास नावाचं गवत. त्यांना शिंगांशी काही देणंघेणं नाही, माद्या कमी व्हायला हव्यात. मलाही ते पटतं, संख्या कमी करायची तर मादीच मारावी लागते, नर मारून फारसा फरक पडत नाही.

दादाने पहिल्यांदा काय केलं तर आजूबाजूच्या तिन्ही घरांत मला घेऊन गेला. ओळख करून दिली, फोन नंबर घेतले, जखमी हरीण तुमच्याकडे आलं तर शोधायला येऊ का असं आधीच विचारलं. दोघं लगेच हो म्हणाले, तिसऱ्या बाई म्हणाल्या आधी फोन करा मग या. हे काम सप्टेंबरमधे करा, आणि दिवसाउजेडी. अंधारात हातात टॉर्च, कपड्यांना रक्त अशा अवस्थेत अनोळखी माणसाच्या दारात उभं राहायची वेळ कुणावर येऊ नये.

नियमांचं थोडक्यात सांगतो. धनुष्यासाठी वेगळा बो हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, बंदुकीचा केलेला असला तरी तो इथे चालत नाही. बंदुकीला घरांपासून 450 फूट लांब राहावं लागतं, धनुष्याला 150 फूट, पण 150 ते 450 च्या मधे बसायचं तर उंचावर बसून खाली नेम धरावा लागतो. शाळेच्या मैदानाला मात्र 450 फूटच. छोट्या जागांवर शिकार शक्य होते ती या 150 फुटांच्या नियमामुळे. काही झोनमधे सीझनच्या सुरुवातीला आधी मादी मग नर असंही बंधन असतं, तर आपला झोन (शिकारीचा विभाग) नंबर बघून त्या वर्षीचं डायजेस्ट, म्हणजे राज्याची नियमांची पुस्तिका, नीट वाचा.

आता मचाणाचं. अ‍ॅश झाडाला स्टँड (खोडाला बांधायची बैठक) किंवा सॅडल (दोरीला टांगून बसायचा पट्टा) अजिबात लावू नका. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा किडा न्यू जर्सीत 2014 ला सापडला आणि तेव्हापासून अ‍ॅशची झाडं उभ्या उभ्या मरतायत, खोड ठणठणीत दिसतं पण आतून ठिसूळ. आम्ही जिवंत रेड ओक निवडला. व्हाइट ओकचे एकॉर्न, म्हणजे ओकची फळं, कमी तुरट असतात म्हणून हरणं आधी ते संपवतात, नोव्हेंबरात तिथे काही उरत नाही, मग ती रेड ओककडे वळतात. हार्नेस (पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा) जमिनीवरच घालायचा आणि पाय पुन्हा जमिनीला लागेपर्यंत दोरीला अडकलेलं राहायचं, धनुष्य नंतर दोरीने वर ओढून घ्यायचं. चढता उतरतानाच माणसं पडतात.

वारा वायव्येचा होता. हरणं दिवसा बसतात ती उत्तरेच्या ऑटम ऑलिव्ह आणि काटेरी मल्टिफ्लोरा रोझ या झुडपांच्या गचपणात, म्हणून आम्ही घरामागून सरळ न जाता गाडी लांब लावून आग्नेयेकडून ओढ्यातून चालत गेलो. अंगाचा वास रस्त्याकडे, पावलांचा आवाज पाण्यात. संध्याकाळी हवा गार झाली की ती उतारावरून ओढ्याकडे घसरते, हाही हिशोब धरावा लागतो नाहीतर चार वाजेपर्यंत चांगली वाटणारी जागा पाच वाजता वाया जाते. दादाचं म्हणणं एकच, "वारा फिरला की उतरायचं, हट्ट करायचा नाही." शंभर एकर असतील तर एक कोपरा बिघडला तरी दुसरा असतो, दहा एकरात एका मादीने वास घेऊन फुस्स केलं, पांढरी शेपटी वर करून पळाली की अख्खी जागा बरेच दिवस बिघडते. म्हणून वारा चुकीचा असेल तर घरी बसा, सुट्टी घेतलेली असली तरी.

त्या दिवशी वारा टिकला. सूर्य मावळायच्या जरा आधी दोन माद्या गचपणातून आल्या, मागची मोठी. अठरा यार्डावर ती जराशी तिरकी, आमच्यापासून पलीकडे वळून उभी राहिली, पुढचा पाय पुढे, आणि दादाने बाण सोडला. बाण आरपार जाऊन पाल्यात रुतला होता, त्यावर गुलाबी फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. तरी अर्धा तास थांबलो. गडद लाल रक्त असेल तर लिव्हर, तीन चार तास थांबा. हिरवट घाण आणि वास असेल तर पोटात लागलाय, आठ दहा तास कुणी हलायचं नाही, कारण लवकर गेलात तर ते उठून दोन हद्दी ओलांडतं आणि मग सापडत नाही, विनाकारण हाल होतात त्या जनावराचे.

हेडलॅम्प लावून माग काढला. रक्त थेट दगडी बांधापर्यंत गेलं आणि पलीकडे त्या फोनवाल्या बाईंची जमीन. दादाने आधी फोन लावला, त्या स्वतः पोर्चचा दिवा लावून बाहेर आल्या, आणि मादी बांधापासून वीस पावलांवर पडलेली मिळाली. आतडी काढायचं काम मालकांच्या हद्दीत ओढून आणल्यावर केलं, शेजारणीच्या लॉनजवळ नाही. एवढं भान ठेवलं तर पुढच्या वर्षीही परवानगी मिळते.

टिक्स (गोचिडी) नोव्हेंबरातही असतात, त्यांच्यामुळे होणारा लाइम डिसीज या भागात भरपूर, कपड्यांना आदल्या दिवशी पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवा आणि घरी आल्यावर काखा, गुडघ्यामागे नीट तपासा. हरीण कापून देणाऱ्या बुचरला आधी फोन करून ठेवा, नोव्हेंबरात त्यांच्याकडे रांग असते. मांस नको असेल तर हंटर्स हेल्पिंग द हंग्री या संस्थेतर्फे गरजूंना दान करता येतं. घरी ठेवणार असाल तर पांढरी चरबी सगळी काढून टाका, तिचा वास रश्श्यात उतरतो, आणि मटणापेक्षा तेल थोडं जास्त घाला कारण मांसात स्वतःची चरबी जवळजवळ नसतेच. मागच्या पायाचा एक चांगला तुकडा मालकांना आणि एक त्या बाईंना, साफ करून, पॅक करून नेऊन द्या.