सबटायटलमध्ये हरवलेलं ‘अहो’

परवा रविवारी कोल्हापूरहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. बारावीची परीक्षा संपलीय आणि कोरियन मालिकांचा सपाटा सुरू झालाय. हाय-हॅलो न करता तिने थेट विचारलं, “आत्या, ओप्पा म्हणजे दादा ना? मग ती त्याला दादा म्हणते आणि त्याच्याच प्रेमात पडते, हे कसं काय?” मागून वहिनींचा आवाज आला, “चार दिवस तेच विचारतेय मी हिला!”

मी गेली आठ वर्षं टोकियोत, निशिकासाईला राहते. इथे आले तेव्हा जपानी मालिका भाषा शिकायची म्हणून बघत होते. कोरियन मालिकांचं वेड मागाहून लागलं. भाचीला त्या दिवशी जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते, कारण या मालिका बघणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणींपर्यंत त्यातली निम्मी प्रेमकथा पोचतच नाही असं मला मनापासून वाटतं. ती इंग्रजी सबटायटलमध्ये गळून जाते. आणि गंमत म्हणजे जे गळतं ते मराठी माणसाला सांगायला दोन शब्द पुरतात : अहो आणि अरे.

कोरियन भाषेत आदराने बोलायची एक तऱ्हा आहे, जोनदेनमाल, आणि सलगीची दुसरी, बानमाल. दोन माणसं जवळ आली की त्यांच्यातलं कुणीतरी विचारतं, ‘आता बोलणं खाली ठेवू या का?’ त्यांचा वाक्प्रचार खरंच असा आहे, डोक्यावरचं ओझं उतरवल्यासारखा. सोळा भागांच्या मालिकेत हा क्षण पहिल्या चुंबनाइतकाच मोठा असतो. इंग्रजीत मात्र आधीही ‘यू’ आणि नंतरही ‘यू’. काही घडलं हे बघणाऱ्याला कळतच नाही.

ओप्पाचंही तसंच. बहिणीने थोरल्या भावाला म्हणायचा तो शब्द, पण मुलगी वयाने मोठ्या जवळच्या मित्रालाही ओप्पा म्हणते, आणि प्रियकरालाही. उलट बाजूने मुलगा म्हणतो नूना, म्हणजे ताई. 2018 मध्ये ‘समथिंग इन द रेन’ नावाची मालिका आली होती. तिचं मूळ कोरियन नाव शब्दशः मराठीत आणलं तर ‘छान जेवू घालणारी सुंदर ताई’ असं होतं. सन ये-जिन ही पस्तिशीतली नोकरदार बाई आणि जंग हे-इन हा तिच्या जिवलग मैत्रिणीचा धाकटा भाऊ. लहानपणापासून तो तिला नूनाच म्हणत आलाय. त्या एका हाकेत त्यांचं वयातलं अंतर, दोन घरांचा घरोबा, उद्या आई काय म्हणेल ही धास्ती, सगळं आहे. सबटायटलमध्ये बहुतेक वेळा तिथे फक्त तिचं नाव येतं.

वहिनींना नात्यागोत्यात जास्त रस, म्हणून त्यांना ‘रिप्लाय 1988’ सांगितली. त्यात बोरा आणि सनऊ यांचं आडनाव एक, मूळ कुळही एक, त्यामुळे लग्नात अडचण. आपल्याकडे सगोत्र म्हणून नाक मुरडतात, कोरियात तर एका कुळातल्या लग्नाला कायद्यानेच बंदी होती. 1997 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ती संविधानाशी विसंगत ठरवली आणि 2005 मध्ये कायदा बदलला. वहिनी म्हणाल्या, “अगदी आपल्यासारखंच की!” त्यांना मालिका बघायला एवढं कारण पुरलं.

जपानी मालिकांशी मैत्री व्हायला मला वेळ लागला. दहा-अकरा भाग, आठवड्याला एक, तीन महिन्यांत कारभार आटोपलेला. पावसात धावत येणं नाही, सासूचा थयथयाट नाही. दोन माणसं रेल्वे फलाटावर शेजारी उभी राहतात आणि काही बोलत नाहीत. पहिल्या वर्षी मी वैतागून बंद करायचे. मग ऑफिसमध्ये रुळले आणि लक्षात आलं की इथे माणसं एकमेकांना वर्षानुवर्षं आडनावानेच हाक मारतात, पुढे ‘सान’ लावून. आडनावावरून नावावर येणं हीच इथली मोठी उडी. ते उमगल्यावर त्याच मालिका पुन्हा बघितल्या आणि वेगळ्याच दिसल्या.

1991 ची ‘टोकियो लव्ह स्टोरी’ माझ्याहून जुन्या पिढीची. सोमवारी रात्री नऊला फुजी टीव्हीवर लागायची. त्यातली रिका बिनधास्त आहे. नायकाचं नाव कान्जी, पण ती त्याला ‘कान्ची’ करून टाकते, सगळ्यांसमोर तशीच हाक मारते. शेवटी मात्सुयामाजवळच्या बाइशिंजी या समुद्राकाठच्या स्टेशनवर ती ठरलेल्या गाडीच्या आधीची गाडी पकडून निघून जाते. तो धावत येतो तेव्हा फलाटाच्या कठड्याला एक पांढरा रुमाल बांधलेला असतो, त्यावर त्याचा निरोप घेतलेला, त्याच लाडक्या नावाने. त्या कठड्याला अजूनही लोक रुमाल बांधतात. मी बघितलेल्या सगळ्या शेवटांमध्ये हा मला सर्वांत खरा वाटतो. कोरियन मालिकेने तिला परत आणलं असतं, निदान विमानतळावर तरी गाठलं असतं.

पण मी कुणाला एकच जपानी मालिका सुचवायची तर 2016 ची ‘निगेहाजी’ सुचवीन. मिकुरी उच्चशिक्षित आणि बेकार. हिरामासा आयटीतला, लाजाळू, एकटा. ती त्याच्याकडे घरकामाला लागते, मग दोघं पगारी लग्नाचा करार करतात. मिठी मारायची तर तीसुद्धा ठरवून, मंगळवारी! पुढे प्रेम जमतं आणि तो खऱ्या लग्नाची मागणी घालतो, सोबत हिशेब मांडून : लग्न झालं की पगाराचे पैसे वाचतील. ती तिथेच थांबवते आणि सांगते, ही प्रेमाच्या नावाखाली पिळवणूक आहे. घरकामाबद्दल इतकं रोखठोक मी दुसऱ्या कुठल्याच प्रेमकथेत ऐकलेलं नाही.

तरी मला सर्वांत भिडलं ते वेगळंच. ती दोघं जवळ आल्यावरही एकमेकांना ‘मिकुरी-सान’, ‘हिरामासा-सान’च म्हणत राहतात आणि आदरार्थीच बोलतात. बोलणं खाली ठेवतच नाहीत. ते बघताना मला आमची आजी आठवली. तिने जन्मभर आजोबांना अहो म्हटलं. आजोबा तिला अगं म्हणायचे. लहानपणी मला ते गोड वाटायचं. या मालिकेत दोन्हीकडून अहो ऐकलं तेव्हा आजीचं अहो एकतर्फी होतं हे पहिल्यांदा खुपलं. 2021 च्या जानेवारीत या मालिकेचा एक विशेष भाग आला, त्यात बाळंतपण, बापाची रजा आणि आडनाव हे प्रश्न घेतले होते. जपानमध्ये कायद्याने नवराबायकोचं आडनाव एकच लागतं आणि बदलतात बहुतेक वेळा बायकाच. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने, 2015 नंतर दुसऱ्यांदा, हा नियम घटनाबाह्य नाही असा निकाल दिला.

आमच्या मजल्यावर एक सत्तरीच्या आजी राहतात. त्या ‘विंटर सोनाटा’च्या पिढीतल्या. 2002 ची ही कोरियन मालिका एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने 2003 मध्ये उपग्रह वाहिनीवर आणि 2004 मध्ये मुख्य वाहिनीवर दाखवली, आणि मध्यमवयीन बायका बे योंग-जूनसाठी वेड्या झाल्या. त्याला ‘योन-सामा’ म्हणायच्या. सामा म्हणजे सानच्याही वरची पायरी. आजी मालिकेतली नामी बेटावरची ती झाडांची रांग बघायला दोनदा कोरियाला जाऊन आल्या. मी विचारलं, एवढं काय होतं त्याच्यात? त्या म्हणाल्या, तो तिच्याकडे बघून, तिचं नाव घेऊन बोलायचा. त्यांचे यजमान आयुष्यभर त्यांना ‘ओइ’ म्हणून हाक मारत. मी पुढे काही विचारलं नाही. आम्ही चहा प्यायलो.

म्हणूनच कोरियन मालिकांतल्या एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे. नायिकेचं मनगट धरून तिला ओढत नेणारा नायक. ‘बॉईज ओव्हर फ्लॉवर्स’ मूळची जपानी मंगा, म्हणजे चित्रकथा. तिच्यावर तैवानने 2001 मध्ये, जपानने 2005 मध्ये आणि कोरियाने 2009 मध्ये मालिका केल्या. तिन्हीकडे श्रीमंत मुलगा आधी मुलीला छळतो आणि मग त्यालाच प्रेम म्हणायचं. कोरियन मालिकेत तो न विचारता पहिल्या दिवसापासून तिला अगं-तुगं करतो. भाचीला मी ही मालिका बघू नको म्हटलं नाही, पण त्यात काय वाईट आहे ते सांगितलं. त्याऐवजी ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’मधला कप्तान री बघ म्हटलं. नायिकेसाठी घरी शेवया करणारा, कॉफीच्या बिया भाजून दळून देणारा. 2020 मध्ये कोरोनामुळे लोक घरी बसले तेव्हा अख्खा जपान ही मालिका बघत होता, त्याचं मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

फोन ठेवताना तिला एक साधी खूण दिली. कोरियन आदराच्या बोलण्यात वाक्याच्या शेवटी बरेचदा ‘यो’ येतो. सबटायटल वाचू नकोस, कान त्या यो-कडे ठेव. तो गायब झाला की समज, अहो संपलं.

काल रात्री साडेबाराला, म्हणजे तिकडे नऊ वाजता, तिचा मेसेज आला. नववा भाग, जिन्यावरचा प्रसंग : “आत्या, यो गेला!! आणि आईला माझ्याआधी कळलं!”