माझं ते मलेरियाचं आहे

काल रात्रीपासून एकच वाक्य डोक्यात फिरतंय. माझंच. "काकू, माझं ते मलेरियाचं आहे, डेंग्यूचं नाही."

काकूंच्या बंटीचा डेंग्यूचा ताप चौथ्या दिवशीही उतरला नव्हता. उशाशी त्याचा लाकडी नंदी उभा, शिंगांना बेगड, गळ्यात झेंडूची माळ. आजच्या तान्ह्या पोळ्याची, पोरांच्या पोळ्याची, तयारी पोराने आठवडाभर आधीच करून ठेवलेली. काकूंनी विचारलं, "तू त इतके वर्सं मच्छरच पाहून राहिली न बाई? मंग आमच्या पोट्ट्याले काहून झाला?" टोमणा नव्हता त्यात. त्या खरंच विचारत होत्या. मी ते उत्तर दिलं. "हो का," म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

उत्तर चूक नव्हतं. माझा मच्छर ॲनोफिलीस, मलेरियाचा; डेंग्यूचा एडिस. मलेरियात परजीवी, डेंग्यूत विषाणू. विद्यार्थ्याने असं लिहिलं तर मी पूर्ण मार्क देईन. मग तोंड का कडू झालंय?

सकाळी मारबती निघाल्या, रोगराई गावाबाहेर न्यायला नागपुरात या दिवशी मिरवतात ते पुतळे. "रोगराई घेऊन जा गे मारबत!" लहानपणी मी घसा बसेपर्यंत ओरडायचे, आज गॅलरीत नुसती उभी राहिले. काळी मारबत निघते 1881पासून. रोनाल्ड रॉस या डॉक्टरला मच्छराच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला तो 1897च्या ऑगस्टमध्ये, सिकंदराबादला. म्हणजे गल्लीतली ही हाक आमच्या या विद्येच्या आधीची. आणि इतक्या वर्षांनंतर माझ्याकडे काकूंना द्यायला काय होतं, तर ते एक वाक्य.

2002 साली ॲनोफिलीस गॅम्बी या मलेरियाच्या मच्छराचा जीनोम, म्हणजे अख्खा जनुकसंच, प्रसिद्ध झाला, तेव्हा मी एम.एस्सी.ला होते. वाटलं, मलेरिया संपायला आता थोडीच वर्षं. ती वर्षं गेली कुठे, ते मला पक्कं ठाऊक आहे. बर्फावर निपचित पडलेली मादी, काचेवर सलाइनचा थेंब, चिमट्याने शेपटाकडचा शेवटून दुसरा खंड हलकेच ओढायचा. जठर अख्खं बाहेर आलं पाहिजे. फाटलं तर ती मादी हिशोबातून गेली. मग मर्क्युरोक्रोम या लाल रंगाने रंगवून जठरावरच्या परजीवीच्या गोल गाठी मोजायच्या. मच्छराच्या रक्तात टेप-1 नावाचं प्रथिन असतं, ते परजीवीला जाऊन चिकटतं आणि बहुतेकांचा तिथेच निकाल लागतो. त्या प्रथिनाचं जनुक गप्प केलं की गाठीच गाठी. पहिल्यांदा दिसलं त्या रात्री मला झोप आली नव्हती. पण हे सांगायचं कोणाला? अळ्यांना खाणं घालायला रविवारीही जायचं. बाबांच्या शेवटच्या दिवाळीतही मी गाठीच मोजत होते. असो.

दुपारी राहवलं नाही, काकूंकडे गेले. कूलर अजून खिडकीतच. टपात पावसाचं चार बोटं पाणी. वाटीत घेऊन उजेडात धरलं. सवयीने आधी पाहिलं, अळ्या ॲनोफिलीससारख्या पाण्यावर आडव्या आहेत का. नव्हत्या. डोकं खाली करून लटकलेल्या. माझ्या नव्हेत. पण म्हणून काय झालं! हा टप मी उन्हाळ्यापासून येता-जाता पाहत होते.

पाणी ओतून टाकलं आणि काथ्याने टपाची आतली बाजू घासायला बसले. एडिसची अंडी पाण्याच्या वरच्या ओल्या कडेला चिकटतात, मोहरीहून बारीक, काळी. कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. नुसता टप पालथा घालून भागत नाही. काकू दुसरी घासणी घेऊन समोर बसल्या. बराच वेळ दोघी काही बोललो नाही.

मग म्हणाल्या, "काय व, मच्छराले बी ताप येते काय?"

माझा हात थांबला. हा प्रश्न आजवर घरात कोणी विचारला नव्हता. म्हटलं, ताप नाही येत, पण तीही लढते. मलेरियावाल्याच्या रक्तातून जेवढे जंतू तिच्या पोटात जातात, त्यातले बोटावर मोजण्याइतकेच पुढे वाचतात. बाकीचे तीच मारते. मी बघते ते हेच, ती कशी मारते ते.

"म्हंजे तिलेबी ते नको असते," काकू म्हणाल्या आणि कोपरा घासायला लागल्या. मी सांगत राहिले, त्या अधूनमधून "हाव" म्हणत होत्या.

संध्याकाळी गल्लीतली पोरं नंदी घेऊन बोजारा, म्हणजे सणाचे खाऊ-पैसे, मागायला आली. बंटी उठून दारापर्यंत आला, भिंतीला धरून. नंदी माझ्या हातात दिला, म्हणाला, ताई, माझा तू फिरव.

पाच घरं फिरवला.