पळीभर म्हणजे किती ग्रॅम?

मार्चमधल्या तपासणीत साखर काठावर निघाली, वजन ८४.६ किलो. डॉक्टर म्हणाले, "आठ दिवस काय काय खाता ते लिहून आणा." मी इमानदारीत लिहिलं: सकाळी पोहे, दुपारी डब्यात तीन पोळ्या आणि भाजी, रात्री आमटी, थोडा भात. फोनमधल्या ॲपने बेरीज काढली, रोजच्या सोळाशे कॅलरी. मी खूश. पण सोळाशेत माझं वजन उतरायला हवं होतं, ते तसूभरही हललं नव्हतं. मग पाच किलोपर्यंत तोलणारा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा मागवला.

आल्या आल्या त्याची परीक्षा घेतली. दहा रुपयांचं नाणं ७.७१ ग्रॅमचं असतं. दहा नाणी ठेवली, काट्याने ७७ दाखवले. चला, काटा खरा बोलतोय.

आईला हे पसंत नव्हतं. "घास मोजून खाल्लेलं अंगी लागत नाही," ती म्हणाली.

"अगं, अंगी लागू नये म्हणूनच तर चाललंय."

पहिली चूक भाताने केली, म्हणजे मीच केली. ताटातला भात तोलला, १५० ग्रॅम. ॲपमध्ये 'तांदूळ' शोधून १५० टाकले. आकडा आला सव्वापाचशे! तो आकडा कच्च्या तांदळाचा होता. १०० ग्रॅम तांदळाचा आमच्याकडे पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम भात होतो, बाकी सगळं पाणी. म्हणजे माझ्या ताटात जेमतेम १८५ कॅलरी होत्या. हे कळेपर्यंत दहा दिवस मी चार घास भातावर उठत होतो आणि रात्री अकराला चिवड्याचा डबा उघडत होतो. चिवडा अर्थातच तोलला नव्हता.

त्यानंतर एकच नियम धरला, तोलायचं ते कच्चं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते काढले, त्यातही मुख्यतः कच्च्या जिनसांचेच आकडे आहेत. आमच्या घरच्या वांग्याच्या भाजीचा आकडा कुठल्याच तक्त्यात मिळणार नाही, तो आपणच काढायचा. रिकाम्या कढईचं वजन लिहून ठेवायचं, आत जे जे पडेल ते तोलायचं, भाजी झाली की कढईसकट पुन्हा तोलायचं. कढई वजा केली की शिजलेल्या भाजीचं वजन मिळतं, मग एका ग्रॅमला किती कॅलरी हे भागाकाराने निघतं. गरम कढई थेट काट्याच्या काचेवर ठेवू नका. मी ठेवली, तर आकडा एका जागी थांबेना. आता आधी लाकडी पाटी ठेवतो, शून्याचं बटण दाबतो, मग कढई.

पोह्यांचा हिशेब काढला त्या रविवारी माझा चेहरा उतरला. चौघांसाठी पोहे ३०० ग्रॅम, त्यांच्या साधारण १०५० कॅलरी. कांदा २०० ग्रॅम, ९०. शेंगदाणे ६० ग्रॅम, ३३०. तेल ६० ग्रॅम, ५४०. एकूण २०१०. पोहे भिजून, वाफ येऊन तयार झाले ९३० ग्रॅम. माझी नेहमीची बशी २३० ग्रॅमची, म्हणजे जवळजवळ पाचशे. ॲपमध्ये मी महिनाभर 'पोहे, एक प्लेट, १८०' असं नोंदवत होतो! वर भुरभुरलेलं खोबरं यात धरलेलंच नाही.

तेल तोलायची सोपी युक्ती बायकोने काढली. तेलाचं भांडं काट्यावर ठेवून शून्य करायचं, फोडणीपुरतं ओतून घ्यायचं, भांडं परत ठेवलं की उणे आकडा दिसतो. तेवढं तेल गेलं. कोबीच्या भाजीला उणे ४५ आले.

"एक पळीच तर घातलं," आई म्हणाली.

पळी तोलली. २२ ग्रॅम. दोन घातल्या होत्या.

माझा तरीही विश्वास बसेना, म्हणून किराणा मोजला. महिन्याला साडेचार पिशव्या तेल येतं. पिशवीवर एक लिटर म्हणजे ९१० ग्रॅम असं छापलेलं असतं. माणसं चार, दिवस तीस. माणशी रोज ३४ ग्रॅम. एका ग्रॅमला नऊ कॅलरी धरा, तीनशेच्या वर झाल्या. माझ्या सोळाशेच्या हिशेबात तेलाचा थेंबही नव्हता.

पोळ्यांनी मात्र मला खाली बघायला लावलं. कणीक ३०० ग्रॅम, तेल १०, पाणी १९०. आईच्या गोळ्यांतही गडबड सापडेल अशी मला खात्री होती. एकेक गोळा काट्यावर ठेवला: ४२, ४१, ४२, ४२, ४१. न बघता, गप्पा मारत. मी केलेले तीन होते ३५, ५१ आणि ४४. एका गोळ्याच्या साधारण ८७ कॅलरी. घडीतलं तेल आणि वरचं तूप धरलं तर पोळी १३०च्या आसपास जाते. तेव्हापासून पोळ्या तोलणं बंद, नुसत्या मोजतो.

आमटीने वेगळाच धक्का दिला. शाकाहारी असल्याने माझी सगळी भिस्त डाळीवर होती. चौघांना १२० ग्रॅम तूरडाळ, तयार आमटी १३०० ग्रॅम. माझ्या १६० ग्रॅमच्या वाटीत डाळ आली १५ ग्रॅम, प्रथिनं तीन-साडेतीन ग्रॅम. बाकी पाणी, चिंच आणि गूळ. आता आमटीऐवजी घट्ट वरण असतं, आणि सकाळी मटकीची उसळ.

लग्नात, सासुरवाडीला काटा नेत नाही. तिथे आमरस वाढणाऱ्या सासूबाईंना ग्रॅम सांगायची माझी हिंमत नाही. त्या दिवसाची नोंद कोरी सोडतो.

पाच महिन्यांत वजन ७९.१ झालं. भात कमी केला नाही, उलट पहिल्या महिन्यापेक्षा जास्तच खातो. पोह्यांचं तेल ६० वरून ३० वर आलं; पहिल्या दिवशी मुलगा म्हणाला पोहे कोरडे झालेत, मग लिंबू जास्त पिळायला लागलो. रोज तोलतो ते फक्त तेल, तूप, दाण्याचा कूट आणि तांदूळ. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, त्यावर भांड्यांची वजनं आहेत: मोठी कढई ९८६, छोटी ५४०, पातेलं ४१२. परवा पाहिलं तर खाली आईच्या अक्षरात एक ओळ वाढली होती: लाडवाचा डबा (रिकामा) ३१८.