पंचवीस टक्के म्हणजे किती टक्के?

मला एका वर्षासाठी 1,20,000 लागणार होते. फंडातून काढायचे की कर्ज घ्यायचं, एवढाच प्रश्न. कर्जाचा दर सांगितला होता 10 टक्के. फंड किती देतो हे कळलं की झालं, असं वाटलं. दहा मिनिटांचं काम. प्रत्यक्षात त्यात दोन रविवार गेले.

फंडात मी तीन वर्षं दरमहा 10,000 टाकत होते. छत्तीस हप्त्यांचे 3,60,000 गेले आणि खात्यावर 4,50,000 दिसत होते. (आकडे इथे गोल केलेत, वाचताना कॅल्क्युलेटर शोधायला नको.) नव्वद हजार वर, म्हणजे 25 टक्के. तीनाने भागले: वर्षाला 8.33. मग आठवलं की चक्रवाढ धरायला हवी. 1.25 चं घनमूळ काढलं, त्यातून 1 वजा केला, तर 7.72 टक्के. याला सीएजीआर म्हणतात, हे मला ठाऊक होतं आणि त्याचा थोडा तोराही होता. म्हणजे फंड 7.72 देतो, कर्ज 10 ने मिळतं. फंड मोडावा, विषय संपला.

माझा भाचा हिशेबात मुरलेला. त्याला आकडा सांगितला तर तो म्हणाला, "मावशी, शेवटचा हप्ता तू गेल्याच महिन्यात भरलास ना? तोही तीन वर्षं होता का तिथे?"

इथे माझी ट्यूब पेटली. पहिला हप्ता छत्तीस महिने राबला, दुसरा पस्तीस, शेवटचा जेमतेम एक. सरासरी काढली तर एकेक रुपया साडेअठरा महिनेच कामाला होता. मी मात्र सगळ्यांना तीन वर्षांची हजेरी लावून बसले होते.

अशा वेळी एक्सआयआरआर वापरतात. प्रत्येक रकमेपुढे तिची तारीख लिहायची आणि असा एकच वार्षिक दर शोधायचा की त्या दराने सगळे हप्ते वाढवले तर बेरीज आजच्या रकमेशी जुळेल. याचं थेट सूत्र नाही, अंदाज घेत घेतच जावं लागतं. एक्सेलही तेच करतं: आपण काही सांगितलं नाही तर 10 टक्क्यांपासून सुरुवात करून जुळेपर्यंत फेऱ्या मारत राहतं. मी आधी हाताने करून पाहिलं. 12 टक्क्यांनी बेरीज 4,30,800 च्या आसपास, कमी पडली. 18 ने 4,69,400, जास्त झाली. 15 घेतले तर 4,49,800. जवळपास नेमकं! सीएजीआर म्हणून मी जे काढलं होतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट.

मग तेच एक्सेलमध्ये केलं, तर उत्तराच्या जागी नुसती एरर. अर्धा तास तारखा तपासल्या. चूक चिन्हाची होती. खिशातून गेलेले पैसे उणे आणि हाती येणारे अधिक, असं लिहायचं असतं. मी सगळेच अधिक लिहिले होते. नुसते येणारेच पैसे असतील तर बिचारं दर काढणार कशाचा?

आता पारडं फिरलं. फंड 15 देतोय, कर्ज 10 ने मिळतंय; कर्जच घ्यावं. सही करणार तेवढ्यात 'फ्लॅट' हा शब्द दिसला, आणि नुकतीच पोळलेली असल्यामुळे थांबले.

1,20,000 वर फ्लॅट 10 टक्के म्हणजे वर्षाचं व्याज 12,000. एकूण 1,32,000, म्हणजे 11,000 चे बारा हप्ते. पण मुद्दल तर पहिल्या हप्त्यापासून कमी होत जाणार. सहा महिन्यांनी साधारण अर्धंच उरलेलं, आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 1,20,000 वर! फंडात मी केलेली चूक इथे समोरचा माझ्या विरुद्ध करत होता, फक्त तो ती जाणूनबुजून करत होता. रेट हे फंक्शन वापरलं: महिन्याला जवळपास 1.5 टक्के. बाराने गुणलं तर 18. पण एक्सआयआरआर चक्रवाढीचा वार्षिक दर देतं, त्यामुळे तुलनेसाठी हाही चक्रवाढीने काढायला हवा. तो आला 19.5. फंडाचे 15 पुढेही मिळतीलच याची हमी नाही. कर्जाचे साडेएकोणीस मात्र ठरलेले. फंडातूनच पैसे काढले.

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती, पण डोक्यात किडा वळवळला: 15 तले महागाईने किती खाल्ले? सरावासाठी आकडे धरले. किंमत निर्देशांक तीन वर्षांत 150 वरून 178.65 वर गेला, तर महागाई किती? मी झटकन म्हटलं 28.65 टक्के. चूक. ते अंक झाले. टक्के काढायचे तर 150 ने भागायला हवं, म्हणजे 19.1, आणि वर्षाला 6. (इथे मात्र सीएजीआर चपखल बसतो, कारण सुरुवात एक आणि शेवट एक, मध्ये कोणी भर घालत नाही.) मग 15 मधून 6 वजा, 9? तेही ढोबळच. अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांच्या नावाने ओळखलं जाणारं समीकरण भागाकार करायला सांगतं: 1.15 भागिले 1.06. वास्तव परतावा 8.5 टक्के. 72 ला दराने भागून दुपटीची वर्षं काढण्याची जुनी युक्ती आहे, लुका पाचोली यांच्या 1494 च्या ग्रंथातही ती सापडते. तिने पाहिलं तर 15 टक्क्यांनी आकडा पाच वर्षांच्या आत दुप्पट होतो, पण खरेदीची ताकद दुप्पट व्हायला साडेआठ वर्षं लागतात.

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. त्याने महिन्यापूर्वी एकरकमी पैसे टाकले होते, तीस दिवसांत 3 टक्के वाढले. "मावशी, एक्सआयआरआर त्रेचाळीस दाखवतंय!" मी विचारलं, "अकरा महिने अजून यायचेत, त्यांना विचारलंस का?" तो हसला, पण स्क्रीनशॉट तेवढा पाठवलाच.